शिवणीची धावपट्टी : वाट कोणाची, ओझं कोणाचं

 

आज आपण विमानाबद्दल बोलणार आहोत. आता तुम्ही म्हणाल, बाई, आमची एसटी वेळेवर येत नाही, तिथं विमानाचं काय घेऊन बसलीस? पण थोडं ऐका. अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की शहर संपता संपता शिवणी लागते. तिथं विमानतळ आहे. नवं नाही बरं का, पार १९४३ सालचं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक जणी जन्मायच्या आधीपासून आपल्या जिल्ह्यात विमान उतरायची सोय आहे. बाळापूरच्या स्टँडपासून तीस-पस्तीस किलोमीटर. ऐंशी वर्षं उलटून गेली, तरी तिकीट काढून रोज बसावं असं विमान तिथून सुटत नाही.

असं का झालं? आणि उद्या ते सुटायला लागलं तर त्यात आपलं काय, आपल्या वावराचं काय, आपल्या लेकीचं काय? हा आजचा विषय. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. कारण आपल्या भागात नवी वाट येण्याची ही पहिली वेळ नाही.

बाळापूर हे मुळात वाटेवरचं गाव. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आपला किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याच्या काळात त्याचं काम सुरू झालं असं सांगतात, आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान यानं ते १७५७ मध्ये पुरं केलं. नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. किल्ला, छत्री, पेठ हे सगळं इथंच का झालं? तर उत्तरेकडून बऱ्हाणपूरवरून दख्खनमध्ये येणारी-जाणारी माणसं, फौजा, व्यापारी या भागातून जात. वाट होती म्हणून बाजार होता, बाजार होता म्हणून हातमागावर विणणारे होते, विणणारे होते म्हणून त्यांच्या घरच्या बायांच्या हाताला सूत कातायचं, ताणा लावायचं काम होतं.

मग आली रेल्वे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर आली. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि तो कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला भुसावळवरून रूळ पुढं सरकले. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली.

हे रूळ बाळापुरात आले नाहीत. ते पारसवरून गेले, बाळापूरपासून नऊ-दहा किलोमीटरवरून. आता गंमत बघा. खामगावही मुख्य लाइनीवर नव्हतं. पण खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ होती, म्हणून १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा काढला. अमरावतीलाही बडनेऱ्यापासून असाच फाटा मिळाला. बाळापूरला मिळाला नाही. पुढं अकोला वाढलं, खामगाव वाढलं, अमरावती वाढली. तिथं जिनिंग झाल्या, प्रेस झाल्या. जुन्या पेठेचं बाळापूर तालुक्याचं गाव होऊन राहिलं.

ही गोष्ट सांगितली ती रडायला नाही. यात एक साधी शिकवण आहे. वाट कुठून जाते हे आपल्या गरजेवरून ठरत नाही. कोणाचं ओझं वाहायचं आहे, त्यावरून ठरतं. ज्याचं ओझं मोजलं जातं, त्याच्या दारात फाटा जातो.

आता शिवणीकडे येऊ.

१९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला. लढाई हिंदुस्थानच्या उंबऱ्याशी आली. इंग्रज सरकारनं देशभर घाईघाईनं धावपट्ट्या बांधायला घेतल्या. त्याच दिवसांत, १९४३ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खात्यानं शिवणीची धावपट्टी बांधली. म्हणजे रूळ आले कापसासाठी आणि धावपट्टी आली लढाईच्या दिवसांत. आपण प्रवासाला जावं म्हणून यातलं काहीच आलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर विमानाचा आपल्याशी पहिला संबंध आला तो पत्रातून. ही गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. ३० जानेवारी १९४९ पासून सरकारनं रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारी दिशांहून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्री चारही विमानं नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची कलकत्त्याच्या विमानात. मग विमानं आपापल्या गावी परतायची. आज टाकलेलं पत्र उद्या दुसऱ्या टोकाच्या शहरात! १९७३ पर्यंत हे चाललं.

मुंबईहून नागपूरला जाणारं विमान वऱ्हाडाच्या आभाळातूनच जाणार. म्हणजे चोवीस वर्षं देशाची पत्रं आपल्या डोक्यावरून रात्री जात-येत होती. त्यात कुठं कामाला गेलेल्या मुलाची खुशाली असेल, कुठं मनीऑर्डरची वाट बघणाऱ्या आईचा निरोप असेल. त्या विमानात आपल्यासारखं कोणी बसलेलं नव्हतं. तरी ते विमान थोडं थोडं आपलं होतं. का? कारण साध्या माणसाचं ओझं, म्हणजे त्याचं पत्र, त्यात चढलेलं होतं. आणि टपाल खातं त्यासाठी वेगळे हवाई पैसेही मागत नव्हतं. पत्र साध्याच तिकिटावर जायचं. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

शिवणीचं मात्र काय झालं? ते विमानतळ आज केंद्र सरकारच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मंत्र्यांचं, साहेबांचं, एखाद्या उद्योजकाचं छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर उतरतं. प्रवासी सेवा नाही. याचं मोठं कारण धावपट्टीची लांबी.

हे सोपं करून सांगते. बैलाला उडी मारायची असली तर तो आधी चार पावलं पळतो. विमानाचंही तसंच. उडायच्या आधी त्याला जमिनीवर पळावं लागतं, आणि उतरल्यावर थांबायलाही जागा लागते. विमान जितकं जड, तितकी पट्टी लांब. आपल्यासारख्या लहान शहरांना जोडणारी विमानं बहुतेक एटीआर जातीची असतात. दोन पंख्यांची, सत्तर-बहात्तर माणसं बसतील अशी. म्हणजे दीड एसटीचे प्रवासी. पूर्ण भरलेलं एटीआर उन्हाळ्यातसुद्धा बिनधोक चढावं-उतरावं, तर पट्टी चांगली लांब हवी. उन्हाळ्याचं म्हणते, कारण तापलेली हवा पातळ होते आणि विमानाला उचलून धरायला कमी पडते. आपल्या अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

पट्टी वाढवायची तर जमीन पाहिजे. शिवणीच्या आजूबाजूला आहे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन, आणि काही खासगी वावरं. हे विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालं. ज्यांच्या नावानं ते आहे ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री झालेले. विद्यापीठाच्या जमिनीवर बियाणं तयार होतं, नव्या वाणांची परीक्षा होते. आपण पेरतो त्या तुरीचं, ज्वारीचं, हरभऱ्याचं वाण अशाच जमिनीवर तपासलं जातं. एकीकडे विमान, दुसरीकडे बियाणं. दोन्ही शेतकऱ्याच्याच नावानं मागितलं जातं. या जमिनीवरून वर्षानुवर्षं कागद फिरले, निवडणुकीच्या सभांमधून आश्वासनं झाली, आणि शिवणीच्या पट्टीवर प्रवासी विमानाची वाट बघणं चालूच राहिलं.

तोवर शेजारच्या जिल्ह्यानं बाजी मारली. अमरावतीजवळ, यवतमाळ रस्त्यावर, बेलोऱ्याला १९९२ मध्ये विमानतळ बांधलं होतं. म्हणजे आपल्या शिवणीपेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांनी धाकटं. त्याची धावपट्टी होती १३७२ मीटर. ती वाढवून १८५० मीटर केली, नवी इमारत बांधली, आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या उपस्थितीत तिथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. विमान एटीआर, कंपनी अलायन्स एअर. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस अशी ती सुरुवात होती.

१९९२ ते २०२५, म्हणजे तेहतीस वर्षं. विमानतळ बांधणं वेगळं, फीत कापणं वेगळं आणि विमान नेमानं सुटणं वेगळं, हे यातून कळतं. घरी चूल मांडली म्हणून स्वयंपाक होत नाही. सरपण पाहिजे, पीठ पाहिजे, आणि जेवायला माणसं पाहिजेत.

या चुलीतलं सरपण कुठून येतं तेही समजून घेऊ. लहान गावांना विमानानं जोडायची केंद्र सरकारची योजना आहे, तिचं नाव उडान. ती २०१६ मध्ये जाहीर झाली आणि तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. योजनेचा हिशोब असा. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २५०० रुपये कमाल भाडं ठरवलं. विमानातल्या जवळपास अर्ध्या जागा या ठरलेल्या भाड्यात द्यायच्या. त्यात कंपनीला जो तोटा होईल, तो सरकार भरून देणार, बहुतेक वाटा केंद्राचा आणि थोडा राज्याचा. ही मदत तीन वर्षं मिळते. शिवाय राज्यानं जमीन द्यायची, इंधनावरचा कर कमी घ्यायचा, पोलीस आणि अग्निशमनाची सोय फुकट करायची.

तीन वर्षांनंतर काय? देशाच्या महालेखापालांनी, म्हणजे सरकारच्या हिशोबाची तपासणी करणाऱ्या कार्यालयानं, २०२३ मध्ये याचा अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या टप्प्यांत ७७४ हवाई मार्ग मंजूर झाले होते. त्यातले सुरू झाले ३७१. सुरू झालेल्यांपैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. आपल्या बचत गटाच्या भाषेत सांगायचं तर शंभर जणींचं कर्ज मंजूर झालं, अठ्ठेचाळीस जणींनी धंदा सुरू केला, आणि अनुदान संपल्यावर दुकान उघडं राहिलं सात जणींचं.

याचा अर्थ योजना वाईट आहे असा नाही. मुंबईला टाटा रुग्णालयात उपचाराला जाणारी बाई, परीक्षेला जाणारी पोरगी, परगावी कामाला असलेला आणि घरी मयत झाली म्हणून तातडीनं यावं लागणारा मुलगा, यांच्यासाठी रात्रभराच्या गाडीऐवजी दोन तासांचं विमान हे मोठं काम आहे. पण ते टिकायचं असेल तर त्यात बसणारी माणसं पाहिजेत आणि चढणारा माल पाहिजे. आपला कापूस विमानानं जाणार नाही, तूर-सोयाबीनही नाही. ओझं जास्त आणि भाव कमी असलेला माल विमानाला परवडत नाही. वाडेगावची लिंबं? त्यांचाही बहुतेक प्रवास ट्रकनंच होईल. विमानाला परवडतो तो हलका, नाशवंत आणि महाग माल. जसं औषधं, फुलं, बियाण्याची पाकिटं. म्हणून कोणी सभेत म्हणालं की विमानतळ झालं की शेतमालाला भाव येईल, तर विचारा, कोणत्या मालाला? कुठं जाणार? नेणार कोण?

इथं मला आपली शकुंतला आठवते. शकुंतला म्हणजे बाई नव्हे, गाडी. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. अरुंद रुळांची, हळू चालणारी. इंग्रज काळात एका विलायती कंपनीनं ती कापसासाठीच घातली. पण पुढं झालं काय, तर कापूस ट्रकनं जायला लागला आणि गाडीत माणसं चढली. बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्या, माहेरी निघालेल्या लेकी, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. स्वस्तातलं तिकीट आणि प्रत्येक खेड्याला थांबा. मालकाची गाडी गरिबाची झाली. आज ती बंद आहे, आणि ती पुन्हा सुरू करा म्हणून लोक अजून मागणी करतात. ज्या वाटेवर आपलं ओझं चढतं, तिच्यासाठी माणूस भांडतो. जिच्यावर चढत नाही, ती बंद पडली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे जमीन.

विमानतळाला नाव मोठ्या गावाचं असतं, जमीन मात्र लहान गावाची जाते. शिर्डीचं विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं. ते शिर्डीत नाही, काकडी नावाच्या गावाच्या शिवारात आहे. अमरावतीचं विमानतळ बेलोऱ्याचं आहे, अकोल्याचं शिवणीचं. उद्या आपल्या तालुक्यात विमानतळ होवो न होवो, रस्ता रुंद होईल, वीजवाहिनी जाईल, कालवा जाईल, रुळांची नवी जोडी पडेल. जमीन मागायला कोणीतरी येणारच. त्या दिवशी मोबदला कोणाच्या हाती पडतो? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या.

मैत्रिणींनो, पेरणीला आपण, निंदणाला आपण, वेचणीला आपण. आणि सातबाऱ्यावर? एकदा तलाठी कार्यालयातून उतारा काढून बघा. बापाचं नाव असेल, नवऱ्याचं असेल, दिराचं असेल. नवरा वारला तर पोरांची नावं लागतात आणि आईचं राहून जातं, असंही होतं. मग चेक येतो तेव्हा तिला कोणी विचारत नाही. वावर गेलं ते गेलं, पैसा मोटारसायकलमध्ये आणि उधारीत गेला, आणि बाई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा स्वतःहून बायकोच्या नावावर करून द्यावा, अशी ती मोहीम. गावोगाव पुरुषांनी तसं केलंही. त्यानंतर १९९२ मध्ये राज्य सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय लक्ष्मीमुक्ती याच नावानं केली. लेकींच्या बाबतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि मग साऱ्या देशासाठी २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मानं मुलाइतकाच वाटा. आपल्या मुस्लीम बहिणींचाही वारसात हिस्सा असतोच. कायदा आहे. उताऱ्यावर नाव लावून घेणं तेवढं आपल्या हाती उरलं आहे.

आणखी एक कायदा माहीत असू द्या. जमीन घेण्याचा नवा कायदा २०१३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याआधी १८९४ चा इंग्रजांचा कायदा चालत होता. नव्या कायद्यात जमिनीचा भाव काढून त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. आपल्यासाठी त्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पहिली अशी की, ज्यांची जमीन नाही पण त्या जमिनीवर मजुरी करून गेली तीन वर्षं ज्यांचं पोट चालत होतं, ती कुटुंबंही बाधित मानली जातात. म्हणजे वेचणीला जाणारी भूमिहीन बाईसुद्धा. दुसरी अशी की, विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेली बाई यांना या कायद्यात स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. तिला दिराच्या नाहीतर भावाच्या कुटुंबात मोजून गप्प बसवता येत नाही. मात्र यादी तयार होते तेव्हा आपण तिथं हजर पाहिजे. यादीत नाव घाला असं म्हणणारा आवाज पाहिजे. तो आवाज ग्रामसभेत उठतो, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची पद्धत आपल्या राज्यात आहेच. ती सभा फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका.

जमिनीचं झालं, आता पोरींचं. बेलोऱ्याला फक्त विमान सुटत नाही. तिथं एअर इंडियानं वैमानिक घडवायची शाळा उभारायला घेतली. ३४ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक, असं तिचं उद्दिष्ट जाहीर झालं. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायांचं प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे, आणि ते जगात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी आहे. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल नावाची एकवीस वर्षांची तरुणी साडी नेसून विमान चालवायला बसली होती. लग्न झालेलं, घरी लहान लेकरू. ती उडू शकली, तर आपली पोरगी का नाही?

पण हातचं राखून बोलत नाही. हे शिक्षण फार महाग आहे, लाखो रुपयांचं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय त्याच्यासाठी लागत आले आहेत. डॉक्टरी तपासणी कडक असते. प्रत्येकीला ते जमणार नाही. मात्र विमानतळावर फक्त वैमानिक नसतो. विमानाची दुरुस्ती करणारी, आभाळातल्या विमानांना रेडिओवरून वाट दाखवणारी, सुरक्षा तपासणी करणारी, तिकीट खिडकीवर बसणारी, उपाहारगृह चालवणारी, अशी किती तरी कामं असतात. दहावीनंतर पोरीनं गणित सोडू नये, एवढं जरी आपण घरी धरून ठेवलं तरी निम्म्या वाटा उघड्या राहतात. आणि उपाहारगृहात आपल्या गटाचे पापड, कुरडया, लोणचं का नसावं? ठेका निघतो तेव्हा अर्ज करायला कोणीतरी लागतं.

तर मैत्रिणींनो, आज आपण चार वाटा पाहिल्या. बाळापूरची जुनी सडक, पारसवरून गेलेले रूळ, मूर्तिजापूरची शकुंतला आणि शिवणीची धावपट्टी. सडक फौजांची आणि व्यापाऱ्यांची, रूळ कापसाचे, धावपट्टी लढाईच्या दिवसांतली. एकही वाट कोणी आपल्यासाठी म्हणून काढली नव्हती. तरी ज्या ज्या वाटेवर साध्या माणसानं आपलं पत्र, आपली टोपली, आपली लेक चढवली, ती वाट आपली झाली.

शिवणीहून प्रवासी विमान उद्या उडेल, की आणखी दहा वर्षांनी, ते दिल्ली-मुंबईत ठरेल. आपल्या गटाच्या येत्या बैठकीत मात्र एक काम करता येईल. प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा आणायचा. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, ते सगळ्यांसमोर वाचायचं. जिचं नाव नाही, तिच्याबरोबर दोघींनी तलाठ्याकडे जायचं. वहीत ते लिहून ठेवायचं, आणि पुढच्या महिन्यात काय झालं ते विचारायचं. हप्त्याच्या वसुलीला आपण जशा नेटानं लागतो, तशाच नेटानं.

खामगावला फाटा मिळाला, कारण तिथलं ओझं मोजलेलं होतं. आपलं ओझं कोणी मोजलेलं नाही. ते मोजायची सुरुवात आपल्या वहीतूनच करू या.

आज इथंच थांबते. तुमच्या गटात किती उतारे वाचले, किती नावं लागली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण ते सगळ्यांना ऐकवू.